खांब कोरडा पडतोय

वरचं मादन, निशापूर
मेहर महिना, इराणी सौर सन १३७२

कुर्बान,

सलाम. अक्षर ओळखून पत्र चुलीत टाकू नकोस. आपल्या बाबांच्या चाळिसाव्या दिवशी हुसैनियातल्या शोकसभेत सगळ्यांसमोर उभी राहून मी जे बोलले, ते परत घ्यायला हे लिहीत नाहीये. ज्या माणसाला डोंगरानं अजून परत दिलेलं नाही, त्याच्या हातचे शेवटचे खडे तू मशहदच्या बाजारात विकलेस, असं मी तेव्हा म्हणाले आणि आजही म्हणते. त्यावर तू गाव सोडलंस, माझ्याशी बोलणं सोडलंस. तो तुझा हक्क. पण आज मला तुझे डोळे हवेत. पिरोजा तुझ्याइतका अख्ख्या खुरासानात कोणाला कळत नाही असं तुझे वैरीसुद्धा सांगतात, आणि त्यांच्यात मी पहिली.

अमानत खांब तुला आठवतच असेल. खाणीतल्या थोरल्या गुहेच्या पोटात, जिथं आपलाच आवाज उशिरा परत येतो, तिथं सगळं छत तो एकटा डोक्यावर घेऊन उभा आहे. जुन्या लोकांनी त्याच्यातली जाड निळी शीर पाहिली, हत्यारं खाली ठेवली आणि त्याला अमानत म्हणाले. ही डोंगराची ठेव, आपली नव्हे. माणसाचा लोभ आणि माणसाचा जीव यांच्यामध्ये या गावात तो एकच शब्द उभा होता. आता तोही हलतोय.

खांबाचा रंग उडतोय, कुर्बान. आभाळासारखी निळी शीर वरून खाली फिकट होत चालली आहे, ताकाच्या निवळीसारखी हिरवट. मी स्वतः पाहिलेलं नाही; बाईमाणूस आत आलं की शीर रुसते असं इथं अजून म्हणतात. उस्ता यदोल्लानं मला दारात उभं राहून सांगितलं. गुहेतला तो सगळ्यांत म्हातारा, बाबांच्या शेजारी छिन्नी धरलेला. तो म्हणाला, "तावूसबाई, खडा मरतोय. पोरं म्हणतात, मरायच्या आत काढू या. मेलेला पिरोजा कोण घेणार? कोंबड्यांना घालायचा?"

मी म्हणाले, "आणि छत?"

तो म्हणाला, "छताचं अल्ला बघेल. तो वरच आहे."

हा विनोद बाबाही करायचे.

टोळीचा नवा नायक तरुण आहे. वसंतापासून गुहेनं नुसता हिरवा चुरा दिलाय, माणसं वीटभट्टीवर जायच्या गोष्टी करतात, आणि त्याला काहीतरी करून दाखवायचंय. म्हणून गावाच्या वतीनं तुला विचारते: भिंतीत असलेला, माणसाचा हात न लागलेला पिरोजा का मरतो? तुझं उत्तर आलं की मी ते त्यांच्यासमोर वाचेन. माझं ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील. मोठा खडा विकत घेणारा तू एकटा आहेस.

माझा अर्सलान बरा आहे. उंच झालाय, तू ओळखणार नाहीस. काय करतो ते पुन्हा कधीतरी.

आणखी एक, आणि हे वाचून हसू नकोस. मला भीती वाटते. दुपारी डोंगरातून छिन्न्यांचा आवाज येत असतो तोवर मी पोळीचं पीठ मळते, कपडे धुते, पोरांच्या वह्या तपासते. आवाज थांबला की हातातलं खाली ठेवते आणि तो पुन्हा सुरू होईपर्यंत श्वास घेत नाही.

तावूस


वरचं मादन
आबान महिना

कुर्बान,

तुझं उत्तर मला मिळायच्या आधी गावाला मिळालं. दगडांच्या ट्रकवाल्याबरोबर तू उस्ताला निरोप धाडलास: घाई करा, वाळलेला दगड पुढं पाण्यानंही परत येत नाही, सुरुंग लावू नका, पिरोजा तडकतो, खांब पायथ्याकडून छिन्नीनं सोलत जा, निघेल तो तुकडा ओल्या लोकरी नमद्यात गुंडाळा, सगळा माल माझा.

शाबास! मी विचारलं का मरतो, आणि तू सांगितलंस कसा विकायचा. ज्या छिन्न्या थांबाव्यात म्हणून मी इतक्या वर्षांचा अबोला गिळला, त्यांना तूच धार लावून दिलीस. काल पायथ्याला हात घातला त्यांनी. एक बकरी निजेल एवढी खोबण केलीय म्हणे.

आणि मला, सख्ख्या बहिणीला, काय लिहिलंस? दोन ओळी. "आबजी, पाणी गेलं की रंग गेला. हे तर तुझ्या शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असेल."

ठाऊक आहे! मीच शिकवते त्यांना. पाऊस डोंगरात मुरतो, आत तांब्याचं अंग धुतो, वाटेत दुसऱ्या दगडांची माती आणि हाडात असतो तसला फॉस्फरस उचलतो, आणि फटीत बसून शतकानुशतकं साचत राहतो. तोच पिरोजा. निळा रंग तांब्याचा, हिरवी झाक लोखंडाची, आणि त्या सगळ्याला धरून ठेवणारं पाणी. पिरोजा म्हणजे थांबलेलं पाणीच, असं मी फळ्यावर लिहिते. आईच्या अंगठीतला खडा राखेनं भांडी घासून घासून कसा हिरवा पडला, तेही दाखवते.

पण तुझ्या टोमण्यानं एक बरं केलं. पाणी गेलं, असं तू लिहिलंस, आणि मी पत्र हातात घेऊन चुलीपाशी तशीच बसून राहिले. अमानतवर बाबांच्या बाबांपासून पाणी झिरपत होतं. त्याच्या पायाशी वाडग्याएवढा खळगा होता, खाणकरी त्यातून पाणी प्यायचे. ते पाणी कुठं गेलं? हे तू विचारलं नाहीस, उस्तानं विचारलं नाही, आणि लाज वाटते, मीही विचारलं नव्हतं. आपण सगळे या गावचे. आपल्याला रंग दिसतो.

रात्रीच्या जेवणाला कुरुती केली होती, वाळवलेल्या ताकाचं कालवण, अक्रोड घालून, म्हणजे अर्सलानची जीभ जरा सैल होईल. त्याला विचारलं.

"दुष्काळ आहे, आई. आभाळातच नाही तर डोंगरात कुठून येणार?"

"गावाची विहीर तर भरलीय."

"मग विहिरीलाच विचार. ती तुझी विद्यार्थिनी नसेल, खरं सांगेल."

"अमानतला हात लावू नकोस, बाळा."

"ठेव कधीतरी काढायचीच असते ना? का नुसती बघत मरायचं, बाबाजानसारखं?"

"बाबाजान बघत मेले नाहीत. खणत मेले."

तो उठला. ताट तसंच. आता कळलंच असेल तुला. हो, टोळीचा नवा नायक अर्सलानच आहे. वसंतात निवडला त्याला. मागच्या पत्रात लिहिलं नाही, कारण बहिणीची भीक तू झिडकारली असतीस. गावाची विनंती मोडणार नाहीस असं वाटलं होतं.

आता भीकच समज. निरोप धाड की मी माल घेणार नाही.

तावूस


वरचं मादन
आबान संपत आला

कुर्बान,

तुझं उत्तर नाही. मी गुहेत जाऊन आले.

शुक्रवारी सगळे नमाजाला गेले तेव्हा कंदील घेऊन निघाले. बाई आत गेली की शीर रुसते म्हणे. रुसायचं काही शिल्लक राहिलं होतं का? तोंडाशी पारव्यांची विष्ठा, मग थंड, मग बाबांच्या कपड्यांना यायचा तो ओल्या तांब्याचा वास. भिंतीला धरून चालले.

खांबाला तळहात लावला. कोरडा. उन्हात टाकलेल्या विटेसारखा कोरडा. पायाशी तो पाण्याचा खळगा आहे, त्यात पाणी नाही, तळाला पांढरी पापडी. शीर वरच्या बाजूला पार मेलेली, खाली गुडघ्याच्या उंचीवर अजून निळी, आणि तिथंच आपल्या शहाण्यांनी खोबण केलीय.

मग कंदील खाली ठेवला आणि ऐकलं. टप्. बरंच थांबून पुन्हा टप्. पाणी आहे, कुर्बान! दुष्काळ नाही, काही नाही. खांबाच्या मागं जी बुजवलेली जुनी गल्ली आहे, तिथं ते आता पडतंय. वर कुठंतरी फट उघडली आहे आणि पाण्यानं वाट बदलली आहे. माणसाला कळायच्या आधी पाण्याला कळलं. डोंगर हलला आहे.

मागच्या बाजूला फट सापडली. केसाएवढी, पण माझ्या डोक्यावरून छतापर्यंत गेलेली. गवंडी करतात तसं केलं. भिंतीला तडा गेला की ते त्याच्यावर गचाचा, पांढऱ्या गिलाव्याचा, लपका देतात आणि त्याला साक्षीदार म्हणतात. भिंत हलली तर साक्षीदार फुटतो. मी एक लपका फटीवर दिला आणि दुसरा शेजारी अखंड दगडावर. दोन्ही एकाच भांड्यातले.

घरी येऊन अर्सलानला सांगितलं. तो चिडला नाही, घाबरला. माझ्यासाठी. "एकटी गेलीस? तू? जिन्यावरून उतरताना कठडा धरतेस, आणि तिथं गेलीस?" दुसऱ्या दिवशी तोच मला घेऊन गेला, पोरांसमोर माझी खोड मोडायला. फटीवरचा साक्षीदार मधोमध चिरला होता.

"गच खिरीसारखा पातळ केला असशील," तो म्हणाला. पोरं हसली.

"मग हा का नाही चिरला?" मी दुसरा दाखवला. हसू थांबलं. उस्ता यदोल्ला दाढी कुरवाळत खांबाकडे बघत राहिला.

अर्सलान म्हणाला, "डोंगर आमच्या पणज्यापासून कुरकुरतोय. आणि हलत असेल तर घाई जास्तच करायला हवी. मामाही तेच म्हणालाय."

मामाही तेच म्हणालाय. ऐकलंस? जो मामा त्यानं कळत्या वयात पाहिलेला नाही, त्याच्या शब्दावर तो त्या छताखाली वाकतोय.

आता मी तुला एक विचारते आणि तू स्वतःशी खरं बोल. बाबांचे शेवटचे खडे. तू ते विकलेस. हुसैनियात मी ओरडत होते तेव्हा तू एकच वाक्य बोललास: "मी त्यांना ओल्या मातीत ठेवून जिवंत केले, नाहीतर कोणी फुकटही घेतले नसते." मला तेव्हा त्यातला निर्लज्जपणा तेवढा ऐकू आला. आज अर्थ ऐकू येतोय. ते खडे फिकट होते ना? खाणीतून येतानाच फिकट होते, आणि पाण्यात ठेवल्यावर निळे झाले? म्हणजे ते म्हातारे झाले नव्हते, तहानलेले होते. म्हणजे बाबाही कोरड्या पडणाऱ्या भिंतीत खणत होते. भिंत त्यांना सांगत होती, आणि ते मरणाऱ्या खड्याला वाचवायची घाई करत होते.

आपण पिढ्यानपिढ्या सांगत आलो, मालकावर संकट आलं की पिरोजा फिकट होतो. बायका अंगठ्या बघून रडतात. आणि जिथं ती गोष्ट अक्षरशः खरी आहे, त्या भिंतीसमोर आपले पुरुष छिन्नी उगारतात!

ते खडे हातात घेतलेला जगात तू एकटा उरलास. फिकट होते की नाही, एवढं सांग.

तावूस


अमानत खांबाखाली
आजर महिना, सकाळ

कुर्बान,

अक्षर वाकडं आहे, मांडीवर पाटी ठेवून लिहितेय. मी बस्त धरलंय. आपल्या आजोबांच्या काळात जुलूम झाला की माणसं दर्ग्यात, नाहीतर तारघराच्या अंगणात जाऊन बसायची आणि न्याय मिळेपर्यंत उठायची नाहीत. मी खोबणीत बसलेय. पाठ अमानतला टेकलेली. खाली गालिच्याचा तुकडा, शेजारी चहाचा थर्मास, पदरात चहाबरोबर चोखायची नबात.

सकाळी टोळी आली तर मी होते. अर्सलानचा चेहरा पांढराफटक पडला. "आई, ऊठ. लोक बघतायत."

"बघू देत. नीट बघू देत. त्यासाठीच बसलेय."

"मी उचलून नेईन तुला!"

"ने की. पण हळू. वर फट आहे."

कोणी पुढं येईना. उस्ता म्हणाला, "बाईमाणसाच्या डोक्यावर घण कसा घालायचा? त्यातून हिनं आपल्या सगळ्यांना अलिफ-बे शिकवलंय." मागून एकानं सांगितलं, "मला नाही शिकवलं, मी दोनदा नापास झालो." मी म्हणाले, "तुझी वही अजून तपासायची राहिलीय, जा, घेऊन ये." जरा हसले सगळे. त्या हसण्याचा आवाज छतातून उशिरा परत आला, आणि त्याच्यामागून बारीक माती माझ्या खांद्यावर पडली. मग कोणी हसलं नाही.

मी भाषण केलं. दुसरं मला येतं काय? म्हणाले, या गावानं जगाला निळा रंग दिला. घुमट झाले, अंगठ्या झाल्या, तलवारींच्या मुठी झाल्या. आणि जगानं आपल्याला काय दिलं? विधवा दिल्या. ज्याच्यासाठी आपण मरतो तो दगड फिकट झाला तर तुम्हाला रडू येतं. तो काढणारा माणूस फिकट झाला तर त्याला कोणी ओल्या नमद्यात गुंडाळलंय? माझा आवाज खणखणीत होता.

शेवटी सौदा झाला. मी म्हणाले, मामाचं म्हणणं मला त्याच्या हातचं हवं. अर्सलाननं स्वतः माझं पत्र घेऊन मशहदला जावं, मामाला इथं आणावं. मामानं खांब बघून काढा म्हटलं तर मी उठेन आणि पुन्हा तोंड उघडणार नाही. तोवर मी इथून हलणार नाही, आणि कोणी आत येणार नाही. टोळीनं भाकरीवर हात ठेवून शब्द दिला. अर्सलानला आनंद झाला. त्याला वाटतं मामा आल्यावर सगळं त्याच्या मनासारखं होणार. जाताना खाली वाकून माझं डोकं हुंगलं त्यानं, लहानपणी मी त्याचं हुंगायचे तसं. म्हणाला, "आई, हट्टी आहेस गं."

हे पत्र घेऊन आलेला, तुझ्या दारात उभा असलेला उंच मुलगा अर्सलान आहे. त्याला परत पाठवू नकोस.

ऐकलंस ना? येऊ नकोस, आणि त्याला येऊ देऊ नकोस. पत्रात मी तुला बोलावलंय असं त्याला वाटतंय. तू जेवणाचा बेत कर, भांड, आजारी पड, काहीही कर. मी त्याला खोटं बोलले. आणि दुसरं खोटं हे, की मी इथून हलणार नाही. त्याची बस वळणाआड गेली की या म्हाताऱ्या गुडघ्यांवर जेवढं पळता येईल तेवढं पळत बाहेर जाणार आहे. मी हुतात्मा नाही, कुर्बान. भाषणं हुतात्म्यांसारखी करते, पण आत्ता पाठीमागं खांब बारीक आवाज करतोय, दातात खडीसाखर फुटावी तसा, आणि मला एवढी भीती आयुष्यात कधी वाटलेली नाही.

एक मुलगा आहे. त्याला धर.

तावूस


वरचं मादन
आजर महिना, पहिल्या बर्फानंतर

कुर्बान जान,

सांगितलंच असेल कोणीतरी. खांब गेला. मंगळवारी, दिवसाढवळ्या, भाकऱ्या तंदुरात असताना. आधी कपबशा वाजल्या, मग पारवे उडाले, मग डोंगरानं मोठा श्वास सोडला आणि गुहेच्या तोंडातून धूळ बाहेर आली. बायका पदर सावरत रस्त्यावर धावल्या, जिचा तिचा पुरुष शोधत. सगळे बाहेर होते. भाकरीवरचा शब्द पाळला पोरांनी. उस्ता यदोल्ला रस्त्यातच बसला आणि लहान मुलासारखा रडला. नंतर माझ्याकडे येऊन म्हणाला, "तावूसबाई, उरलेला गच कुठाय? धाकट्या गुहेत दोन लपके देऊन येतो." ती निळी शीर आता डोंगराखाली आहे. पाणी तिला सापडेल, तशी ती पुन्हा निळी होईल. बघायला कोणी नाही. बरंच आहे.

मला दिलासा मिळायला हवा होता. पण थोरल्या गुहेतल्या छिन्न्यांचा आवाज कायमचा थांबलाय, आणि माझ्या अंगाला ते अजून कळलेलं नाही. दुपार झाली की हातातलं खाली ठेवते आणि वाट बघते.

तुझी ओळ मिळाली. "फिकट होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं." ती मी बाबांच्या फोटोमागं ठेवली आहे. त्यावर हुसैनियात बोलणार नाही. तू त्याचे बूट लपवलेस हे ऐकून मात्र इतकी हसले की शेजारीण बघायला आली. दारात काढून ठेवलेले बूट! त्या पोराला अनवाणी मशहदच्या बर्फात निघायची लाज वाटली, आणि तेवढ्यानं तो वाचला.

तो म्हणतो, आई खोटारडी आहे. म्हणतो, काम अर्धवट सोडलं म्हणून खांब पडला. पुरतं काढून बाहेर आलो असतो तर काही झालं नसतं. म्हणतो, पुन्हा तोंड बघणार नाही. बरं. जिवंत माणसाचा अबोला आहे. मला त्याचा तुझ्यामुळं चांगला सराव आहे. त्याला तुझ्या घासायच्या चाकासमोर बसव, खडे ओल्या मातीत ठेवायला शिकव.

सोबत त्याच्यासाठी एक पत्र ठेवलंय. वाचलं नाही तर त्याच्या उशाशी ठेव. दर महिन्याला एक धाडेन.

बूट मात्र अजून देऊ नकोस. डोंगरातून अजून आवाज येतात.

तुझी आबजी
तावूस